पराणीपासून केंद्रापर्यंत

शब्दांचा इतिहास हा विद्वानांचा विषय आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. ज्यांना संस्कृत, ग्रीक, लॅटिन येते त्यांनी तो सांगावा आणि इतरांनी माना डोलवाव्यात, अशी वहिवाट पडून गेली आहे. आज ती वहिवाट आम्ही थोडी मोडणार आहोत. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. ग्रीक-लॅटिनची गाठ पडली ती शाळेत नव्हे, तर रात्रीच्या वाचनालयांत. पण वाचता वाचता एक गोष्ट पक्की ध्यानात आली. भूमितीचे जे शब्द आपल्याला जडजंबाळ वाटतात, ते मुळात पंडितांच्या बैठकीत जन्मलेले नाहीत. ते शेतात, अंगणात, सुताराच्या आणि गवंड्याच्या हाताखाली जन्मले. पंडितांनी ते तेथून उचलले, आणि उचलल्यानंतर त्यांच्या अंगावरची माती झटकून टाकली.

लॅटिनमधील ‘लिनेआ’ म्हणजे रेषा. हा शब्द ‘लिनुम’ म्हणजे जवसाच्या झाडाचा वाख यापासून निघाला. रेषा म्हणजे मुळात ताणून धरलेला तागाचा दोरा, आपल्या गवंड्याची सूतदोरी. ‘नोर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. त्यावरूनच ‘नॉर्मल’ हा शब्द आला. ज्याला आपण आज ‘नॉर्मल माणूस’ म्हणतो, तो मूळ अर्थाने गुण्यात बसलेला माणूस. ग्रीक ‘किलिंद्रोस’ म्हणजे लोळवण्याचा रूळ. त्याचा ‘सिलिंडर’ झाला. ‘त्रापेझिऑन’ म्हणजे छोटे मेज. त्यावरून समलंब चौकोनाला ‘ट्रॅपेझियम’ नाव पडले. असे शब्द पुष्कळ आहेत. पण पाटीभर शब्द दाखवून एकाचीही चव न देणे बरे नव्हे. म्हणून आज आम्ही एकच शब्द घेणार आहोत, आणि तो असा की जो येथे बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडी दिवसातून एकदा तरी येतो. तो शब्द म्हणजे ‘केंद्र’.

आरोग्य केंद्र, मतदान केंद्र, परीक्षा केंद्र, दूध केंद्र, केंद्र सरकार. जोशीबुवा पत्रिका उघडून सांगतात, ‘केंद्रात गुरू आहे, काळजी नको.’ हा शब्द इतका घरचा आहे की तो अस्सल संस्कृत असावा याविषयी कोणाला शंकाही येत नाही. उलट ‘सेंटर’ म्हटले की तो इंग्रजी, परका. प्रत्यक्षात ‘केंद्र’ आणि ‘सेंटर’ ही दोन सख्खी भावंडे आहेत. दोघांची आई एक, आणि ती ग्रीक. एक भाऊ पूर्वेच्या वाटेने आपल्याकडे आला, दुसरा रोमच्या वाटेने पश्चिमेकडे गेला, आणि बऱ्याच शतकांनी दोघांची आपल्याच दारात पुन्हा गाठ पडली.

ग्रीक भाषेत ‘केंतेइन’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ टोचणे. ज्याने टोचायचे ते ‘केंत्रॉन’. हा शब्द होमरच्या ‘इलियड’मध्ये सापडतो. त्या काव्याच्या तेविसाव्या सर्गात पात्रोक्लोसच्या अंत्यविधीनिमित्त रथांची शर्यत होते, आणि तेथे घोडे हाकण्याच्या टोकदार काठीला ‘केंत्रॉन’ म्हटले आहे. म्हणजे भूमितीचा हा मानबिंदू आरंभी जनावराच्या पाठीत खुपसण्याचे साधन होता. आपल्या शेतकऱ्याच्या हातात जी पराणी असते, कोठे कोठे जिला तुतारी म्हणतात, ती म्हणजेच केंत्रॉन. मधमाशीची आणि गांधीलमाशीची नांगी हीही ग्रीकांच्या बोलीत केंत्रॉनच. ग्रीकांत एक म्हणही होती : पराणीवर लाथ झाडू नये. बैलाने रागाने मागे लाथ मारली तर पराणीचे काही बिघडत नाही, टोक त्याच्याच पायात घुसते. पिंडार आणि एस्किलस या इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील कवींनी ही म्हण वापरली आहे, आणि पुढे बायबलच्या नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागात संत पॉलच्या कथेतही ती आली आहे. धन्याला ही म्हण फार आवडत असणार, हे उघड आहे. बैलाचे मत मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

आता पराणीच्या टोकापासून वर्तुळाच्या मध्यापर्यंत हा शब्द पोहोचला कसा? मधला दुवा प्लेटोने आपल्यासाठी जपून ठेवला आहे. ‘रिपब्लिक’ या त्याच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात एक वाद आहे. एकच वस्तू एकाच वेळी स्थिर आणि चल असू शकते काय, असा प्रश्न निघतो. कोणी म्हणेल, भोवरा पाहा : तो एका जागी उभाही आहे आणि फिरतोही आहे. त्यावर उत्तर येते की, भोवऱ्याचा उभा आस स्थिर आहे आणि घेर फिरतो आहे. दोन्ही गोष्टी एकाच अंगाच्या नव्हेत. या ठिकाणी भोवऱ्याच्या ज्या अणकुचीवर तो एका जागी रोवून फिरतो, तिला प्लेटोने शब्द वापरला आहे ‘केंत्रॉन’.

श्रोतेहो, येथे आपल्या मराठीने एक मोठीच साक्ष दिली आहे. पराणीच्या टोकाला जो लोखंडी खिळा बसवतात, त्याला आपण काय म्हणतो? ‘आर’. आणि पोरे जो भोवरा फिरवतात, त्याच्या बुडाशी जो खिळा असतो, त्याला काय म्हणतो? तीही ‘आर’च. चांभाराच्या हातातील टोचणी, जिला आरी म्हणतात, ती याच कुळातली. अथेन्सच्या माणसाने पराणीचे टोक आणि भोवऱ्याचे टोक यांना एकच शब्द लावला, आणि आपल्या खेड्यातील माणसानेही नेमके तेच केले. कोणी कोणापासून शिकले नाही. हात सारखे, हत्यारे सारखी, म्हणून विचारही सारखे चालले. ग्रीक समजण्यासाठी ग्रीस गाठावे लागत नाही. पुष्कळदा आपल्या गल्लीत भोवरा खेळणारे पोर पाहिले तरी पुरते.

भोवऱ्यापासून वर्तुळ फार दूर नाही. वर्तुळ काढण्याचे साधन म्हणजे कंपास. ग्रीक त्याला ‘दियाबेतेस’ म्हणत, म्हणजे पाय फाकून उभा राहिलेला. हाच शब्द पुढे ग्रीक वैद्यांनी एका रोगाला लावला, आणि आज तो डायबिटीस या नावाने आपल्या घराघरांत आहे; शरीरातून पाणी सारखे वाहून जाते, ही त्यामागील कल्पना. असो. या फाकलेल्या दोन पायांपैकी एक टोचून स्थिर ठेवायचा आणि दुसरा फिरवायचा. जो पाय टोचतो त्याचे टोक म्हणजे केंत्रॉन, आणि पाय उचलल्यावर पापिरसावर, फळीवर किंवा वाळूत जे छिद्र उरते तेही केंत्रॉन. हत्याराचे नाव त्याच्या खुणेला मिळाले. मग हत्यार बाजूला ठेवले, छिद्रही मिटले, आणि उरला तो नुसता बिंदू, ज्याला लांबी नाही, रुंदी नाही. शेतातला शब्द अशा रीतीने शास्त्रात गेला.

हे कंपासाचे काम अथेन्सच्या सामान्य माणसालाही परिचित होते. इ. स. पू. ४१४ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसचे ‘पक्षी’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यात मेतोन नावाचा ज्योतिषी-गणिती पट्टी आणि कंपास घेऊन येतो आणि चक्क हवेची मोजणी करून नगराची आखणी करू लागतो. शेवटी मार खाऊन त्याला पळावे लागते. विनोद चालला याचा अर्थ इतकाच की, खुल्या नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकांना कंपास म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते.

इ. स. पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘मूलतत्त्वे’ हा ग्रंथ रचला, तेव्हा ‘केंत्रॉन’ हा शब्द पुरता स्थिर झालेला दिसतो. पहिल्या भागाच्या आरंभीच्या व्याख्यांत तो वर्तुळ म्हणजे काय ते सांगतो. एका रेषेने वेढलेली अशी सपाट आकृती, की जिच्या आतील एका बिंदूपासून त्या रेषेपर्यंत काढलेल्या सर्व सरळ रेषा एकमेकींशी समान असतात. लगेच पुढच्या व्याख्येत तो म्हणतो की, त्या बिंदूला केंत्रॉन म्हणतात. या व्याख्येकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत, म्हणून ती ध्यानात असू द्यावी. एक गमतीची गोष्ट अशी की, त्रिज्येसाठी युक्लिडपाशी स्वतंत्र शब्दच नाही. तो ‘केंत्रॉनपासूनची रेषा’ असे म्हणून काम भागवतो. ‘रेडियस’ हा शब्द लॅटिन. त्याचा अर्थ काठी, किंवा गाडीच्या चाकाचा आरा. तोही गाडीवानाच्या घरचाच.

पण शब्दाचा इतिहास सांगताना नुसते गोड गोड सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टोचणे या क्रियेला दुसरी बाजू आहे. बिंदूसाठी ग्रीकांपाशी ‘स्तिग्मे’ असाही एक शब्द होता आणि अ‍ॅरिस्टॉटलने तो वापरला आहे. तो ‘स्तिझेइन’ म्हणजे टोचणे, गोंदणे या धातूपासून झाला. त्याच धातूपासून ‘स्तिग्मा’ झाला, आणि स्तिग्मा म्हणजे पळून जाऊन पकडलेल्या गुलामाच्या कपाळावर गोंदलेली खूण. आज इंग्रजीत कलंकाला ‘स्टिग्मा’ म्हणतात तो हाच. ‘केंत्रॉन’चीही एक अशीच शाखा आहे. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘मेघ’ या इ. स. पू. ४२३ मधील नाटकात शिव्यांची एक माळ आहे, आणि तीत ‘केंत्रोन’ ही एक शिवी आहे. ज्याच्या अंगावर पराणीचे वण आहेत असा, म्हणजे मार खाऊन निर्ढावलेला बदमाश, असा तिचा अर्थ. भूमितीचा निर्मळ बिंदू आणि माणसाच्या कातडीवरचा वण, हे दोन्ही एकाच भाषेत, एकाच शतकात, एकाच क्रियेच्या पोटी जन्मले. त्या समाजात रिकामा वेळ मिळवून विचार करणारे नागरिक होते, आणि त्यांना तो वेळ मिळावा म्हणून राबणारे गुलाम होते. आम्ही ग्रीकांच्या बुद्धीला कमी लेखत नाही. तिच्यासमोर मस्तक लवते. पण मस्तक लवताना ज्याच्या पाठीवर टोचणी बसली त्याचीही आठवण ठेवावी, एवढेच म्हणणे.

आता रोमकडे वळू. रोमन लोक बांधकामात आणि कायद्यात शूर, पण शास्त्राचे शब्द त्यांना ग्रीकांकडून आणावे लागले. इ. स. पू. ४५ मध्ये सिसेरोने ‘तुस्कुलुम येथील संवाद’ लिहिले. त्यात विश्वाच्या मध्यभागी असलेली पृथ्वी ही अफाट आकाशाच्या मानाने जणू एक बिंदू आहे, असे सांगताना, ग्रीक लोक ज्याला ‘केंत्रॉन’ म्हणतात तो, अशी तो पुस्ती जोडतो. म्हणजे त्याच्या लेखणीला हा शब्द अजून पाहुणाच होता. त्याने स्वतःचा म्हणून जो शब्द वापरला तो ‘पुंक्तुम’, ज्याचा पुढे ‘पॉइंट’ झाला. आणि पुंक्तुम म्हणजे काय? तोही ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे यावरूनच! परका शब्द टाळला तरी टोचणी काही टळली नाही.

यानंतर थोड्याच वर्षांनी व्हित्रुव्हियस नावाच्या स्थपतीने वास्तुशास्त्रावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला आणि तो सम्राट ऑगस्टसला अर्पण केला. त्यात ‘केंत्रुम’ हा शब्द लॅटिन पोशाखात सहज वावरतो. माणूस उताणा निजवून हातपाय पसरले आणि त्याच्या बेंबीवर कंपासाचे ‘केंत्रुम’ ठेवून वर्तुळ काढले, तर हातापायांची बोटे त्या वर्तुळाला टेकतात, असे तो सांगतो. लिओनार्दो दा विंचीने इ. स. १४९० च्या सुमारास काढलेले वर्तुळातील माणसाचे जगप्रसिद्ध चित्र याच वर्णनावरून आहे. व्हित्रुव्हियसच्या या वाक्यात केंत्रुम म्हणजे अजून कंपासाचे टोकच आहे, हे विशेष. स्थपती हा विद्वान असला तरी त्याचे बूड बांधकामावरच होते. त्याला हत्याराचा विसर पडला नव्हता. पुढे लॅटिनच्या लेकी झालेल्या भाषांत ‘क’चा उच्चार मऊ झाला, फ्रेंचमध्ये तो ‘स’ झाला, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत ‘सेंटर’ आला. आजच्या अथेन्समध्ये मात्र ‘क’ टिकून आहे आणि ‘त’ घोगरा होऊन ‘द’ झाला आहे. तेथे शहराच्या मध्यवस्तीला ‘केंद्रो’ म्हणतात. आपला माणूस तेथील बसमध्ये चढला तर हा एक शब्द तरी त्याला दुभाष्याशिवाय कळेल.

पूर्वेच्या वाटेने हा शब्द कसा आला, हे पाहण्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही. लोणावळ्याजवळ कार्ल्याचे लेणे आहे. चैत्यगृहातील खांबांवर दाने देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकट या गावचे, स्वतःला यवन म्हणवणारे कित्येक दाते आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत दत्तामित्रीहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दाने आहेत. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून रोमन साम्राज्याशी व्यापार चालत होता आणि मालाबरोबर माणसे, माणसांबरोबर विद्या येत होती. त्याच कार्ल्याला धेनुकाकटच्याच सामी नावाच्या एका सुताराचा लेख आहे. दर्शनी दाराचे काम आपण केले, असे त्यात नोंदले आहे. व्यापारी, भिक्षू आणि सुतार यांची नावे एकाच दगडावर नांदतात, हे पाहून आम्हांला नेहमी बरे वाटते.

या काळात ग्रीकांचे फलज्योतिष संस्कृतात आले. स्फुजिध्वजाचे ‘यवनजातक’ हा त्याचा मोठा पुरावा; अमेरिकन पंडित डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ मध्ये त्याची भाषांतरासह आवृत्ती प्रसिद्ध केली. ग्रीक ज्योतिषी आकाशातील चार ठाण्यांना ‘केंत्रा’ म्हणत : पूर्वेचे क्षितिज, पश्चिमेचे क्षितिज, माथ्यावरील बिंदू आणि पायाखालील बिंदू. आकाशाचे छत जणू या चार खिळ्यांवर ताणलेले. आपल्या पत्रिकेत पहिले, चौथे, सातवे आणि दहावे ही स्थाने ‘केंद्र’ होतात, ती हीच. त्यांच्या पुढच्या चार स्थानांना ज्योतिषी ‘पणफर’ म्हणतात. तो ग्रीक ‘एपानाफोरा’. उरलेल्या चारांना ‘आपोक्लिम’ म्हणतात. तो ग्रीक ‘अपोक्लिमा’. ‘होरा’ हा ग्रीक ‘होरा’, ज्याचा इंग्रजीत ‘अवर’ झाला. आणि लग्नाच्या मुहूर्तात भटजी ज्या ‘जामित्र’ दोषाची भीती घालतात, तो जामित्र म्हणजे ग्रीक ‘दियामेत्रोस’, वर्तुळाचा व्यास! पहिल्या स्थानासमोर व्यासाच्या दुसऱ्या टोकाला सातवे स्थान येते, आणि ते जोडीदाराचे. लग्नघरातील मंडळींना कल्पना नसते, पण अक्षता पडण्यापूर्वी तेथे युक्लिडचा व्यास येऊन गेलेला असतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने तर मोकळ्या मनाने म्हटले आहे की, यवन म्लेंच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात चांगले रुजलेले असल्यामुळे त्यांनाही ऋषींप्रमाणे मान मिळतो. जातीच्या कडक बंधनांत वाढलेल्या पंडिताने इतके म्हणावे, ही लहान गोष्ट नव्हे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की आपल्याला वर्तुळच ठाऊक नव्हते, तर तो चुकीचा होईल. वैदिक यज्ञवेदींची मापे सांगणारी शुल्बसूत्रे आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. खुंटी रोवायची, दोरी बांधायची आणि फिरवायची, की वर्तुळ झाले. आपला गवंडी विहिरीचा घेर आजही असाच आखतो. वस्तू आपल्यापाशी होती. हा विशिष्ट शब्द मात्र ज्योतिषाच्या वाटेने आला आणि पुढे भूमितीतही रुजला. कोकणातील मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या मराठी इतिहासात या ग्रीक शब्दांची चिकित्सा केली आहे. परक्याकडून काय घेतले आणि आपले स्वतःचे काय, याचा हिशेब न लाजता आणि न फुगवता मांडण्याचा धडा त्या ग्रंथाने मराठी वाचकाला दिला.

हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे. आपल्या ‘जीवा’ या शब्दाचे, म्हणजे धनुष्याच्या दोरीचे, अरबीत ‘जीब’ झाले. अरबी लिपीत स्वर गाळून लिहीत असल्यामुळे तो पुढे ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, उराशी असलेला खोळगा. बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी त्याचे ‘सिनुस’ केले, आणि आज जगातील प्रत्येक शाळेत ‘साइन’ शिकवला जातो. आम्ही ग्रीकांकडून पराणी आणली, त्यांच्या वारसांनी आमच्याकडून धनुष्याची दोरी नेली. अरबांनी मात्र केंद्रासाठी स्वतःचाच शब्द केला : ‘मरकज’. त्याचा धातू आहे भाला जमिनीत रोवणे. पराणी, भोवरा, भाला; देश बदलले, पण प्रत्येकाला मध्य सापडला तो काहीतरी रोवूनच.

आता हा शब्द पुन्हा हाताकडे कसा परतला ते सांगतो, आणि येथे आमचा जन्म ज्या माणसांत गेला त्यांचा उल्लेख करणे भाग आहे. कोणत्याही वर्कशॉपमध्ये फिटरच्या पेटीत ‘सेंटर पंच’ नावाचे एक टोकदार हत्यार असते. लोखंडाला भोक पाडायचे तर आधी त्या जागी पंच धरून हातोडीने टिचकी मारतात. बारीक खड्डा पडतो आणि मग ड्रिल भटकत नाही. टर्नर लेथवर लांब जॉब दोन सेंटरांमध्ये धरतो; त्यांतील टेलस्टॉकचे साधे सेंटर फिरत नाही, त्याला ‘डेड सेंटर’ म्हणतात, आणि जॉब त्याच्या टोकावर फिरतो. दोन सेंटरे एका ओळीत नसली तर जॉब टेपर येतो. प्लेटोच्या भोवऱ्याचा सिद्धांत, स्थिर आस आणि फिरता घेर, हा टर्नर पाळीमागून पाळी हाताने सिद्ध करीत असतो. वाफेच्या इंजिनात एक चकती अशी असते की तिचे भोक मध्यावर नसते. तिला ‘एक्सेंट्रिक’ म्हणतात. ग्रीक ‘एक्केंत्रोस’, केंद्राबाहेरचा. सगळे जग ज्या माणसाला चक्रम म्हणून हसते त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. पण इंजिनात या एक्सेंट्रिकवाचून झडप हलत नाही, आणि झडप हलल्यावाचून इंजिन चालत नाही. ज्या फिटरला शाळेत भूमितीने रडवले आणि ‘हे तुझे काम नव्हे’ असे सांगितले गेले, त्याच्या हातात भूमितीचे मूळ हत्यार आहे. त्याला हे कोणी सांगितले नाही, हा आमच्या शिक्षणाचा दोष आहे, त्याच्या बुद्धीचा नव्हे.

तेव्हा शब्दांच्या सोवळ्याओवळ्याविषयी काय म्हणावे? भाषाशुद्धीच्या चळवळीने मराठीला महापौर, दिग्दर्शक यांसारखे चांगले शब्द दिले. त्यांचे ऋण आहे. पण ‘केंद्र’ शुद्ध आणि ‘सेंटर’ अशुद्ध, असा निवाडा देण्यापूर्वी दोघांची वंशावळ पाहावी. शब्द कोठून आला यापेक्षा तो कामाला येतो की नाही, हा प्रश्न अधिक मोलाचा. शेतकऱ्याने बैल विकत घेतला की तो त्याचा होतो. गोठ्यात आल्यावर त्याची जात विचारत बसले तर पेरणी राहून जाते.

अखेरची गोष्ट अशी की, या शब्दाने आपल्यासमोर दोन अर्थ ठेवले आहेत आणि त्यांतून निवड आपल्याला करावयाची आहे. पहिला अर्थ पराणीचा. टोक एकाच्या हातात, पाठ दुसऱ्याची, आणि लाथ मारली तर पाय तुमचाच फुटेल, असा उपदेश. दुसरा अर्थ युक्लिडचा. त्यात केंद्र म्हणजे घेरावरील प्रत्येक बिंदूपासून सारख्याच अंतरावर असलेली जागा. एकही बिंदू अधिक दूर असला तर ते केंद्र नव्हे आणि ते वर्तुळही नव्हे. ही भूमिती राजकारणातही लावून पाहण्यासारखी आहे. आपण ‘केंद्र सरकार’ म्हणतो, पण १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या पहिल्याच कलमात भारत हा राज्यांचा ‘संघ’ आहे असे म्हटले आहे. ‘संघ’ म्हणजे युनियन, आणि हा शब्द कामगारांना कोणी समजावून द्यावा लागत नाही. २०२१ साली तामिळनाडूच्या सरकारने ‘केंद्र’ टाकून ‘संघ सरकार’ असाच शब्दप्रयोग सुरू केला, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. शब्द कोणताही वापरा. कसोटी युक्लिडची लावा. दिल्ली असो, जिल्ह्याचे ठिकाण असो, तालुक्याचे आरोग्य केंद्र असो, की आमच्या स्वतःच्या युनियनची कचेरी असो, घेरावरचा शेवटचा माणूस तिच्यापासून इतरांइतक्याच अंतरावर आहे काय? पाड्यावरची बाळंतीण आणि बाजारपेठेतला व्यापारी यांना ती सारखीच जवळ आहे काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या जागेला केंद्र हे नाव शोभत नाही. ते पराणीचेच टोक राहिले आहे, असे समजावे.

बैलांच्या बाबतीत आपण निदान कागदावर निर्णय केला आहे. १९६५ च्या नियमांनी ओझ्याच्या जनावरांना अणकुचीदार काठीने हाकण्यास आपल्या देशात मनाई आहे. माणसांच्या बाबतीत तो निर्णय कागदावर आणि प्रत्यक्षात आणणे अजून बाकी आहे. ते काम भूमितीच्या पुस्तकाने होणार नाही. ते घेरावर उभ्या असलेल्या माणसांनीच करावयाचे आहे.